पदवी आणि सनद : मधल्या काळाचा इतिहास

आपल्या समाजातील एखाद्या मुलाने अगर मुलीने एलएल.बी.ची परीक्षा उत्तीर्ण केली, की मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात शाल व श्रीफळ देऊन गौरव होतो, स्मरणिकेत छायाचित्र छापले जाते आणि त्या दिवसापासून सर्वजण त्यास 'वकीलसाहेब' म्हणू लागतात. या कौतुकात गैर काही नाही. परंतु पदवी म्हणजे वकिली नव्हे. पदवी विद्यापीठ देते, सनद निराळी संस्था देते. आणि या दोहोंनंतर हाताला काम लागेपर्यंतचा काळ कोणाच्या खर्चाने काढावयाचा, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. आम्ही केवळ मॅट्रिक झालेले व सेमाडोहच्या जंगलपट्टीत शिक्षकी केलेले. कायद्यावर अधिकाराने लिहिण्याची आमची योग्यता नाही. तथापि याच मधल्या काळात आमच्या हातून एका विद्यार्थ्याचे नुकसान झाले, म्हणून हा इतिहास आम्हांस धुंडाळावा लागला.

वऱ्हाडातील वकिलीची परंपरा थोर आहे. दादासाहेब खापर्डे 1884 साली एलएल.बी. झाले, काही काळ सरकारी नोकरीत राहिले व नंतर अमरावतीस वकिली करू लागले. 1897 साली अमरावतीस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते. अमरावतीचेच वकील रंगनाथ नरसिंह मुधोळकर हे 1912 च्या बांकीपूर अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. आपल्याकडे पक्षकाराची हकीकत ऐकणारा, कागद तयार करणारा आणि न्यायाधीशापुढे उभा राहणारा वकील एकच असे. मुंबईची रीत मात्र वेगळी होती.

मुंबई हायकोर्ट 1862 साली सुरू झाले. त्याच्या ओरिजिनल शाखेत, म्हणजे मुंबई शहरातील दावे जेथे मुळात दाखल होत तेथे, कामाचे दोन भाग असत. सॉलिसिटर पक्षकाराला भेटे, कागदपत्रे तपासी व दावा सिद्ध करी. ॲडव्होकेट अगर बॅरिस्टर न्यायालयात बाजू मांडी. पक्षकाराने ॲडव्होकेटकडे थेट जावयाचे नाही, सॉलिसिटरमार्फतच जावयाचे, असा दंडक होता. सॉलिसिटर होण्यास नुसती कायद्याची पदवी पुरत नसे. पदवीधराने एखाद्या सॉलिसिटरच्या हाताखाली रीतसर करार करून तीन वर्षे उमेदवारी करावयाची, आणि त्यानंतर कठीण म्हणून प्रसिद्ध असलेली सॉलिसिटरची परीक्षा द्यावयाची. अशा उमेदवारास 'आर्टिकल्ड क्लार्क' म्हणत. 1894 साली स्थापन झालेली बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी ही या व्यवसायाची संस्था होय.

गुणवत्ता असूनही या वाटेवर किती अडथळे असत, याची दोन उदाहरणे पुरेत. नाशिक येथे 1866 साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1897 साली मुंबई विद्यापीठाच्या एलएल.बी. झाल्या, पण स्त्रियांस वकिलीचा मार्ग मोकळा करणारा कायदा होण्यास 1923 साल उजाडावे लागले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. एवढा विद्वान बॅरिस्टर, परंतु सनदेच्या पैशांसाठी नवल भथेना या पारशी स्नेह्याचे साहाय्य घ्यावे लागले. सनद मिळाली तरी जातीच्या भिंतीमुळे सॉलिसिटर मंडळी त्यांस काम देईनात. ज्ञातीच्या नावाने एकत्र येणाऱ्या आपण सर्वांनी हे विसरू नये.

पुढे कायदाही या मधल्या काळाविषयी वारंवार मत बदलीत राहिला. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये सनदेपूर्वी प्रशिक्षण व परीक्षा यांची अट होती. 1973 च्या दुरुस्तीने ती गेली. 1976 च्या दुरुस्तीने सॉलिसिटर व ॲडव्होकेट हा भेदही कायद्यातून काढून टाकला. सोसायटीची परीक्षा मात्र त्यानंतरही चालू राहिली, आणि ती उत्तीर्ण होणाऱ्यास मुंबईच्या मोठ्या कचेऱ्यांत मान राहिला. बार कौन्सिलने 1995 साली एक वर्षाच्या उमेदवारीचे नियम केले. ते सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली रद्द ठरविले. 2010 पासून अखिल भारतीय बार परीक्षा आली. नियम बदलले, परंतु पदवीनंतर ज्येष्ठाच्या कचेरीत बसल्यावाचून काम येत नाही, ही गोष्ट बदलली नाही.

आता आमची गोष्ट. आमच्या शाळेत शिकलेला एक किराणा दुकानदाराचा मुलगा मंडळाच्या शिष्यवृत्तीवर अमरावतीस एलएल.बी. झाला. सॉलिसिटर होण्याची त्याची मनीषा होती, व मुंबईस एका कचेरीत त्यास उमेदवारीही मिळाली. खोलीचे भाडे, खाणावळ व गाडीभाडे यांपुढे तेथे मिळणारी रक्कम नगण्य होती. त्याने मंडळाकडे आणखी तीन वर्षांचे साहाय्य मागितले. समितीत आम्ही होतो. 'अर्जदार आता पदवीधर असून स्वावलंबी होण्यास समर्थ आहे' हा शेरा आमच्याच हस्ताक्षरातील आहे. आठ महिन्यांत तो परत आला व दुकानावर बसला. आजही आसपासच्या गावांतील माणसे फेरफाराचे आणि वारसनोंदीचे अर्ज त्याच्याकडून लिहून घेतात, आणि तो कोणाकडून पैसा घेत नाही. त्याने आम्हांस कधी दूषण दिले नाही. भेटला की वाकून नमस्कार करतो. तो नमस्कार स्वीकारताना आमची मान खाली जाते.

गतवर्षी त्याची कन्या कायद्याची पदवीधर झाली. सनदेचे शुल्क आता मोठी अडचण नाही. 30 जुलै 2024 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ते सर्वसाधारण उमेदवारास 750 रुपये व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास 125 रुपये असे मर्यादित केले. अडचण आहे ती पुढील वर्षांची. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये कनिष्ठ वकिलांस शहरात दरमहा 20,000 व ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत असे सुचविले; पण ती शिफारस होती, सक्ती नव्हे. ज्याचा बाप स्वतः वकील आहे, त्याची ही वर्षे घरच्या कचेरीत निभावतात. दुकानदाराच्या, शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या मुलामुलींनी काय करावे?

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीस आमची नम्र विनंती आहे. शिष्यवृत्तीच्या नियमातील 'पदवी परीक्षेपर्यंत' हे शब्द काढून 'पदवीनंतर तीन वर्षांपर्यंत' असे घालावेत. ज्या समाजबांधवांच्या मुंबई, नागपूर, अमरावती व अकोला येथे कचेऱ्या आहेत, त्यांनी प्रतिवर्षी एका उमेदवारास वेतनासह जागा द्यावी. आमच्या निवृत्तिवेतनातून एक वर्षाची यथाशक्ति रक्कम आम्ही कोषाध्यक्षांच्या स्वाधीन केली आहे. हे दान नव्हे. जुनी बाकी फेडण्याचा हा आमचा अल्प प्रयत्न आहे.