महारोहिणी झडपेचे प्रतिस्थापन
हृदयाच्या डाव्या निलयातून महारोहिणीत गेलेले रक्त माघारी फिरू न देणारी त्रिदली झडप निकामी झाली असता ती काढून तिच्या जागी दुसरी बसविण्याची शस्त्रक्रिया. वार्धक्यात दलांवर चुना साचल्याने, जन्मतः दोनच दले असल्याने, किंवा भारतात अद्यापि आढळणाऱ्या संधिवातज्वरामुळे झडप अरुंद होते अथवा गळू लागते. एरवी ३ ते ४ चौ. सेंमी. असणारे तिचे द्वार १ चौ. सेंमी.हून कमी झाले आणि श्रमाने धाप, छातीत कळ वा मूर्च्छा येऊ लागली, म्हणजे औषधांवर कालहरण करण्यात अर्थ उरत नाही.

१९५२ साली चार्ल्स हफनागेल यांनी पिंजऱ्यात चेंडू असलेली झडप बसविली खरी. परंतु हृदय थांबवून त्याचे काम यंत्राकडे सोपविण्याची सोय तोवर नसल्याने ती महारोहिणीच्या उतरत्या भागात बसवावी लागली व गुण अर्धाच आला. १९६० मध्ये बोस्टन येथे ड्वाइट हार्कन यांनी कृत्रिम झडप मूळ जागी बसविली. चेंडूमागून कलती चकती आली आणि १९७७ पासून कार्बनच्या दोन पाकळ्यांची झडप. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली, आधीचे नमुने फसल्यानंतर सिद्ध झालेली कलत्या चकतीची झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णास बसविण्यात आली. परदेशी झडपांहून ती पुष्कळ किफायतशीर ठरली.

यांत्रिक झडप सहसा झिजत नाही, मात्र तिच्यावर रक्त साखळू नये म्हणून वॉरफरिनसारखे औषध तहहयात घ्यावे लागते. त्यासाठी वारंवार रक्ततपासणी, आहारातील मेथी-पालकाचे प्रमाण सारखे राखणे आणि रक्तस्रावाची कायमची धास्ती हे सारे ओघाने आलेच. शिवाय हे औषध गर्भास घातक असल्याने अपत्येच्छू स्त्रीचा प्रश्न अधिकच बिकट होतो. डुकराच्या झडपेपासून वा गाईच्या हृदयावरणापासून केलेल्या व कार्पांतिए यांच्या पद्धतीने ग्लुटाराल्डिहाइडमध्ये मुरविलेल्या जैव झडपेला हे बंधन बहुधा नसते. पण तिची मुदत सामान्यतः १० ते १५ वर्षांची, आणि तरुण देहात ती अधिक लवकर झिजते. म्हणून पन्नाशीच्या आत यांत्रिक व पासष्टीपुढे जैव, असा स्थूल शिरस्ता पडला आहे. तथापि तपासणीची सोय दहा कोसांवर असलेल्या रुग्णापुढे केवळ वयाचे कोष्टक मांडणे अपुरे होय.

लंडनचे डोनाल्ड रॉस यांनी १९६७ साली रुग्णाचीच फुप्फुसरोहिणीची झडप महारोहिणीच्या जागी आणि मृत दात्याची झडप तिच्या रिक्त जागी बसविण्याची युक्ती योजिली. वाढत्या वयाच्या मुलांत ही झडप देहाबरोबर वाढते, हा तिचा अनन्य गुण. एका झडपेच्या रोगापायी दोन झडपा पणास लागतात, हा आक्षेपही तितकाच रास्त आहे. ती कुशल हातांचीच शस्त्रक्रिया होय.

२००२ साली फ्रान्समधील रूआँ येथे आलँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नलिकेवाटे झडप नेऊन बसविली. तीच तऱ्हा आता झिजलेल्या जैव झडपेच्या पोटात नवी झडप बसविण्यासही चालते. साहजिकच पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळीच पुढील झडपेची तजवीज म्हणून, आवश्यक तर झडपेचे कडे रुंदावून, शक्य तितकी मोठी जैव झडप बसविण्याकडे शल्यविशारदांचा कल वाढत आहे.