सरपंच

सरपंच : ग्रामपंचायतीचा निर्वाचित प्रमुख. पंचायतीच्या सभांचे अध्यक्षस्थान आणि तिच्या ठरावांची अंमलबजावणी ही दोन्ही कामे त्याच्याकडे असतात. हा प्रमुख पंचायत सदस्यांनी निवडावा की गावातील सर्व मतदारांनी, हा महाराष्ट्रातील या पदाच्या इतिहासातील कळीचा प्रश्न होय.

इतिहास : बुलढाणा जिल्ह्यातील वरवट बकाल (ता. संग्रामपूर) हे गाव ज्या वऱ्हाडात मोडते, तेथे गावकारभाराचा प्रमुख परंपरेने पाटील असे. महसूल व शांतता यांबाबत तो शासनाला जबाबदार असे; त्याचे पद वारशाने येई, मताने नव्हे. मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी १९४६ मध्ये पंचायत अधिनियम झाला. १९५६ मध्ये वऱ्हाडातील जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाने राज्यातील पंचायतींना एकच चौकट मिळाली. तीनुसार सदस्य आपल्यातूनच सरपंच निवडीत.

संविधानाच्या ७३ व्या दुरुस्तीने (१९९२, अंमल १९९३) पंचायतींना संवैधानिक दर्जा दिला व महिलांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. ग्रामपंचायतीच्या प्रमुखाची निवडपद्धती ठरविण्याचे काम मात्र संविधानाने राज्य विधिमंडळावर सोपविले. त्यानुसार महाराष्ट्रात २०१७ मध्ये थेट निवडणूक सुरू झाली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा स्वीकारण्यात आली.

अधिकार व कर्तव्ये : अधिनियमातील तरतुदी व पंचायतीचे ठराव अंमलात आणण्याचा कार्यकारी अधिकार सरपंचाकडे असतो. सभा बोलाविणे, त्यांचे नियमन करणे, पंचायतीच्या नोकरवर्गावर देखरेख ठेवणे व अभिलेख सुरक्षित राखणे ही त्याची प्रमुख कर्तव्ये. ग्रामनिधीतील खर्चाच्या बाबतीत पंचायतीचा सचिव त्याचा सहभागी असतो. ग्रामसभेत सरपंचाला मतदारांच्या प्रश्नांना प्रत्यक्ष तोंड द्यावे लागते.

अमेरिकी राष्ट्राध्यक्षाशी तुलना : थेट निवडणुकीमुळे सरपंचपदाला अध्यक्षीय पद्धतीचे एक लक्षण लाभले. अमेरिकेच्या १७८७ च्या संविधानानुसार राष्ट्राध्यक्ष काँग्रेसकडून नव्हे, तर निर्वाचकमंडळामार्फत स्वतंत्रपणे निवडला जातो. त्यामुळे राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा व काँग्रेसमध्ये बहुमत दुसऱ्याचे, अशी स्थिती तेथे वारंवार उद्‌भवते. सरपंच एका गटाचा व बहुसंख्य सदस्य दुसऱ्या गटाचे, हे तिचेच ग्रामीण रूप होय.

साम्य मात्र येथेच संपते. राष्ट्राध्यक्ष काँग्रेसने संमत केलेले विधेयक नाकारू शकतो आणि हा नकार डावलण्यास दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश बहुमत लागते. सरपंचाला असा नकाराधिकार नाही. समसमान मते पडल्यास निर्णायक मत देता येते, परंतु बहुमताने झालेला ठराव त्याच्या मताविरुद्ध असला, तरी त्याला तो अंमलात आणावा लागतो. म्हणजे जनादेश राष्ट्राध्यक्षासारखा, पण अधिकार मात्र पंचायतीच्या सेवकाचे, अशी त्याची स्थिती आहे.

पदच्युतीच्या बाबतीतही हा भेद दिसतो. राष्ट्राध्यक्षावर अविश्वासाचा ठराव आणता येत नाही; महाभियोगात सिनेटने दोनतृतीयांश बहुमताने दोषी ठरविल्यासच त्याला पदावरून दूर करता येते. थेट निवडलेल्या सरपंचावर निवडीपासून पहिली दोन वर्षे अविश्वासाचा ठराव आणता येत नाही. त्यानंतर तीनचतुर्थांश सदस्यांनी तो संमत केला, तरी ग्रामसभेने गुप्त मतदानाने त्यास मान्यता द्यावी लागते. ज्यांनी निवडले, त्यांनीच काढावे, हे यामागील तत्त्व होय.

मूल्यमापन : सदस्यांमार्फत होणाऱ्या निवडीत फोडाफोडीला वाव राहतो आणि राखीव जागेवर आलेल्या महिला व दलित सरपंचांना अविश्वासाच्या धाकाखाली काम करावे लागते, हा थेट निवडीच्या समर्थकांचा मुद्दा. सरपंच व सदस्य परस्परविरोधी असल्यास पाणीपुरवठा, रस्ते, दिवाबत्ती यांसारखी कामे अडून राहतात, हा विरोधकांचा. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. थेट निवडणूक पदाला स्थैर्य देते. सहकार्य मात्र ती देऊ शकत नाही. ते सरपंचाला सभेत, प्रत्येक ठरावागणिक मिळवावे लागते.