बेने इस्रायली मुलांचे धर्मशिक्षण

महाराष्ट्रातील बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजात लहान मुलांना घरी, मशिदीत आणि पुढे शाळेत दिले गेलेले धर्माचे शिक्षण. ‘मशीद’ हा या समाजाचा प्रार्थनालयासाठीचा जुना शब्द असून तो इथे मुस्लीम प्रार्थनास्थळाच्या अर्थाने नाही. मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी बांधलेले शआर हारहमीम हे प्रार्थनालय आजही ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले जाते.  या शिक्षणाचे क्षेत्र अलिबाग-पेणकडील कुलाबा (आताचा रायगड) जिल्हा, मुंबई आणि पुणे हे होय.

या समाजाच्या परंपरेनुसार नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि त्यातून वाचलेली सात जोडपी हे त्यांचे पूर्वज. ग्रंथ बुडाले, हिब्रू भाषा विसरली गेली. मात्र शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणे, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खाण्यातला विधिनिषेध आणि ‘शेमा’ ही एकेश्वराची प्रार्थना एवढे टिकले. शनिवारच्या सुट्टीमुळे शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. त्या काळी मुलाचा धर्माचा पहिला गुरू आईच असे. जन्म, लग्न, आजारपण, मृत्यू अशा प्रत्येक प्रसंगी शेमाचे शब्द कानांवर पडत आणि अर्थ कळण्याआधीच पाठ होत. दावीद रहाबी नावाचा परदेशी ज्यू कोकणात आला तेव्हा त्याने बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली. त्यांनी पर आणि खवले असलेलीच निवडली आणि हे आपलेच लोक अशी त्याची खात्री पटली, अशी कथा समाजात सांगतात. स्वयंपाकघराने धर्म राखला, हेच ती कथा सांगते. रहाबीने झिराड, शापूरकर आणि राजपूरकर घराण्यांतील तिघांना शिकवून तयार केले. ते आणि त्यांचे वंशज ‘काझी’ म्हणून गावोगावचे धर्मविधी पाहू लागले.

पुस्तकी शिक्षण एकोणिसाव्या शतकात आले, आणि दोन वाटांनी आले. १८२६ पासून कोचीनचे ज्यू मुंबईत येऊन प्रार्थना चालवू आणि मुलांना हिब्रू शिकवू लागले. दुसरी वाट मिशनऱ्यांची. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले आणि मिशनच्या शाळांत बेने इस्रायली मुले बायबलचा जुना करार वाचू लागली. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. समाजाने विद्या घेतली, धर्म मात्र आपलाच ठेवला. हा विवेक या नोंदीतली सर्वांत मोलाची गोष्ट मानायला हवी.

त्यानंतर पुस्तके समाजातल्याच माणसांनी केली. डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन या मुंबईच्या शाळेचे दीर्घकाळ मुख्याध्यापक असलेले जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनापुस्तके एकामागून एक मराठीत आणली. मुंबई विद्यापीठाचे ते हिब्रूचे परीक्षकही होते. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचली जाणारी ‘हग्गादा’ १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी भाजणाऱ्या बायका मराठमोळ्या वेशात बसलेल्या आहेत. मिसर देशातून सुटकेची कथा ऐकणाऱ्या मुलाला त्या चित्रात आपली आजी दिसली असेल.

शाळा उभी राहिली ती हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या चिकाटीने. त्यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्रायलाइट स्कूल सुरू केले. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनने त्याला पैशांची मदत केली. इतर विषयांबरोबर हिब्रू आणि धर्मपाठ इथे वेळापत्रकात आले. मुलांना शिकवण्याइतकीच आपल्या समाजाची नोंद ठेवण्याची केहिमकरांना तळमळ होती. त्यांनी १८९७ मध्ये पूर्ण केलेला समाजाचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. पुढे बगदादमध्ये जन्मलेले, हाँगकाँग-शांघायचे व्यापारी सर एली कडूरी यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचे नाव मिळाले. माझगावची सर एली कडूरी शाळा ती हीच.

प्राथमिक वर्गातला पाठ हिब्रूच्या बावीस अक्षरांपासून सुरू होतो. लेखन उजवीकडून डावीकडे. पाच अक्षरे शब्दाच्या शेवटी आली की रूप बदलतात. स्वरांच्या खुणा अक्षराखाली-वर दिल्या जातात. काना-मात्रा गिरवलेल्या मराठी मुलाला ही कल्पना चटकन कळते. आधी वाचन, मग पाठांतर, अर्थ शेवटी, असा क्रम असतो. त्यानंतर शेमा, भाकरीवरचा आणि द्राक्षरसावरचा आशीर्वाद, शब्बाथचे म्हणजे शनिवारच्या विश्रांतीचे नियम, अब्राहाम ते मोशे या पूर्वजांच्या कथा, आणि तोराच्या पाच ग्रंथांतला त्या-त्या आठवड्याचा भाग. किद्दूशसाठी, म्हणजे द्राक्षरसावरच्या या आशीर्वादासाठी, काळे मनुके भिजवून काढलेला रस बेने इस्रायली घरांत वापरतात, त्यामुळे हा धडा पुस्तकाआधी घरच्या भांड्यातच शिकला जातो. तेराव्या वर्षी मुलगा बार मिट्झवा होतो, म्हणजे आज्ञा पाळण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. प्राथमिक शिक्षणाची दिशा तिकडेच असते.

सणांचा धडा सर्वांत रंजक आहे, कारण इथे मुलाच्या पदरी दोन नावे येतात. पुस्तकातला रोश हशाना घरी ‘नव्याचा सण’, योम किप्पूर ‘दारफाळणीचा सण’, पुरीम ‘होळीचा सण’ आणि तिशा बआव वालाच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा सण’. हे सण ज्या ज्यू पंचांगाने येतात ते चांद्र महिन्यांचे. ऋतूंशी मेळ राहावा म्हणून एकोणीस वर्षांत सात वेळा जादा महिना धरतात. अधिक मास माहीत असलेल्या शिक्षकाला हे समजावताना फळ्यावर फार लिहावे लागत नाही.

शाळेबाहेरची मोठी शाळा म्हणजे कीर्तन. १८८० च्या सुमारास बेने इस्रायलांनी हरिकीर्तनाची घडण घेऊन मोशे, योसेफ, एलिया यांची आख्याने मराठी पदांत बांधली. परभणी जिल्ह्यात गंगाखेडचे मूल जनाबाईची गोष्ट ज्या रीतीने ऐकते, त्याच रीतीने मुंबईचे ज्यू मूल लाल समुद्राची कथा ऐकू लागले. रात्री कीर्तनात ऐकलेला मोशे पाठ्यपुस्तकातल्या मोशेपेक्षा जास्त काळ लक्षात राहतो, यात शंका नाही.

कडूरी शाळेचे सर्वांत मोठे नाव रिबेका रूबेन (१८८९–१९५७) यांचे. १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेत त्या मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या. हिब्रूचा अभ्यास त्यांनी इंग्लंडमध्ये केला आणि १९२२ ते १९५० या काळात शाळा चालवली. अशी विदुषी मुख्याध्यापिका त्या काळी कोणत्याही समाजाच्या शाळेला क्वचितच लाभली.

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र झाले आणि कुटुंबे निघाली. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे साडेसव्वीस हजार ज्यू होते, २०११ मध्ये साडेचार हजारांच्या आसपास. शाळा चालू आहे, पण तिथे ज्यू मूल विरळा. बहुतेक विद्यार्थी मुस्लीम आहेत. अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचे तर संविधानाच्या अनुच्छेद २८ प्रमाणे पालकांची संमती लागते; त्यामुळेही धर्मपाठ आता शाळेपेक्षा प्रार्थनालयांतल्या आणि समाजसंस्थांच्या वर्गांत होतो. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

मराठी अर्थासह छापलेली जुनी प्रार्थनापुस्तके मात्र झपाट्याने नाहीशी होत आहेत. जीर्ण झालेले पवित्र पुस्तक फेकायचे नाही, पुरायचे, अशी ज्यू प्रथा आहे. ज्यांच्या घरी असे पुस्तक असेल, त्यांनी ते पुरण्याआधी त्याची छायाप्रत एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाला जरूर द्यावी.