आहत नाद आणि जात्यावरील ओवी

भारतीय चिंतनात नादाचे ईश्वराशी असलेले नाते सामान्यतः ‘अनाहत’ ह्या संकल्पनेच्या आधारे मांडले जाते. आघाताशिवाय उठणारा, बाह्य श्रवण आवरल्यावरच ऐकू येणारा तो नाद योग्यांचा होय. ह्या मांडणीत एक गोष्ट सहज दृष्टीआड होते. महाराष्ट्रात दैवी नाद ऐकण्याची दुसरीही एक परंपरा आहे. तीत कान मिटावे लागत नाहीत. दगडावर दगड फिरत असता होणाऱ्या नित्याच्या आवाजातच ती देवाला ओळखते. ह्या परंपरेला तात्त्विक आधार आहे काय आणि तिचा माग कोठवर लागतो, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

प्रथम अनाहताच्या वर्णनाची भाषा पाहावी. पंधराव्या शतकातील ‘हठप्रदीपिके’च्या चौथ्या उपदेशात साधकाला क्रमाने ऐकू येणारे नाद सांगितले आहेत: समुद्र, मेघ, भेरी, शंख, घंटा, वेणू, वीणा, भ्रमर. ही सारी नावे आहत सृष्टीतील आहेत. अनाहताला स्वतःची शब्दसंपत्ती नाही. ज्या जगापासून साधक कान वळवितो, त्याच जगाकडून त्याला शब्द उसने घ्यावे लागतात.

आहत नादाची तात्त्विक बाजू देवगिरीच्या यादव दरबारात, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडली गेली. सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने रचलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त नादाचे आहत व अनाहत असे दोन भेद केले आहेत. मुनिजन गुरूपदिष्ट मार्गाने अनाहताची उपासना करतात आणि तो मुक्तिदायक आहे, हे त्याला मान्य आहे. परंतु तो रंजक नाही. लोकांचे रंजन करून भवबंधही तोडणारा म्हणून तो आहत नादाचाच विस्तार करतो. शास्त्रकारापुढे येथे संगीत आहे, श्रमाचा ध्वनी नव्हे. तथापि त्याने वर्णिलेल्या गेय प्रकारांत ‘ओवी’ आहे, आणि ओवीचे मूळ स्थान दरबार नव्हे.

ते स्थान चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याच्या ‘मानसोल्लासा’त (शके १०५१, इ. स. ११२९) नोंदलेले आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे तो सांगतो. येथे उल्लेख कांडणाचा आहे, दळणाचा नाही. हा भेद पुसून टाकू नये. कामाच्या आघातावर स्त्रिया गात होत्या आणि तो प्रकार ओवी ह्याच नावाने प्रसिद्ध होता, एवढे मात्र निश्चित. ‘ज्ञानेश्वरी’ (शके १२१२, इ. स. १२९०) त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी ओवीत अवतरली. तिच्या सहाव्या अध्यायातील योगवर्णनही ह्याच छंदात आहे. अनाहताच्या साधनेचे मराठी निरूपण आहताच्या छंदात झाले, ही गोष्ट लक्षणीय होय.

जनाबाईच्या नावावर असलेल्या अभंगांत दळण-कांडण हेच देवभेटीचे स्थळ बनते. त्यांतील कोणते तिचे आणि कोणते उत्तरकालीन, हा प्रश्न वेगळा. महत्त्वाचे हे की, विठ्ठल तिला काम थांबवावयास सांगत नाही. तो स्वतः दळू लागतो.

लोकभाषेची साक्षही अशीच आहे. ‘जाते’ हा शब्द संस्कृत ‘यंत्र’, प्राकृत ‘जंत’ ह्या क्रमाने आला; म्हणजे नाव साधनाचे आहे. परंतु ओव्यांतून स्त्रिया त्याला ‘ईश्वर’ म्हणून हाक मारतात. खानदेशात त्यालाच ‘घरोट’ म्हणतात. संस्कृत ‘घरट्ट’ हा त्याचा पूर्वज. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) ह्यांच्या १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संग्रहातील ‘घरोट’ ह्या कवितेत त्याच्या घरघरीला वाणीचे स्थान मिळते. ज्यातून पीठ येते त्याला ‘जाते’ का म्हणावे, असा प्रश्नही तेथे आहे. निरक्षर कवयित्रीने व्युत्पत्तीला घातलेला हा वाद अभ्यासकांनी केवळ विनोद म्हणून सोडून देऊ नये.

ह्यावर आक्षेप संभवतो की, जात्याला देव म्हणणे म्हणजे कष्टांवर घातलेले पांघरूण होय. आक्षेप निराधार नाही. पहाटेचे दळण हे सुनेच्या वाट्याला येणारे ओझे होते. परंतु ह्याच ओव्यांत सासुरवासाची तक्रार आहे, माहेरची ओढ आहे, भावाची वाट पाहणे आहे. जे घरात कोणापुढे बोलता येत नसे, ते जात्यापुढे बोलता येई. येथे ‘ईश्वर’ ह्याचा अर्थ केवळ ऐकू येणारा असा नसून ऐकून घेणारा असाही आहे. हा अर्थ अनाहताच्या शास्त्रातून निघत नाही.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि हाताचे जाते मागे पडले. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ ह्यांच्या प्रयत्नाने एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. ह्या संग्रहाचा अभ्यास छापील शब्दांपुरता मर्यादित राहिल्यास ओवीचा अर्धाच भाग हाती येईल. ज्या घरघरीला उद्देशून ती गायिली गेली, ती घरघर हाही तिच्या अर्थाचा घटक आहे. मराठी भक्तीच्या इतिहासात योग्याच्या मिटलेल्या कानाइतकेच दळणारीच्या उघड्या कानालाही स्थान दिले पाहिजे.