स्वस्त जेवणाचा हिशोब : गिरणगावच्या खानावळीपासून शिवभोजनापर्यंत

आजची पोस्ट लांब आहे. जेवण झाल्यावर निवांत वाचा.

तालुक्याच्या गावात बाजाराच्या दिवशी दुपारी बारा-एकला तहसीलच्या आवारात किंवा एसटी स्टँडवर जरा उभे राहून बघा. दाखल्यासाठी, दवाखान्यासाठी, बँकेच्या कामाला खेड्यातून आलेली माणसं आधी परतीच्या तिकिटाचे पैसे बाजूला काढतात आणि उरलेल्यात जेवण बसवतात. साध्या हॉटेलातली राइस प्लेट आता शंभरच्या घरात गेलीय. मग वडापाव आणि चहावर दिवस निघतो. अशा माणसाला दहा रुपयांत ताट मिळतं की नाही, ही माझ्या मते पहिल्या पानाची बातमी आहे. ती तिथं येत नाही, हा भाग वेगळा.

स्वस्त जेवण सरकारनं सुरू केलं असा अनेकांचा समज आहे. खरं तर महाराष्ट्रात ते आधी बायकांनी सुरू केलं, तेही कुठल्या योजनेशिवाय.

मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून, म्हणजे सातारा-सांगली-कोल्हापूरकडून आलेले गडी एकटे राहायचे. बायको-पोरं गावाला. चाळीच्या एका खोलीत दहा-बारा जण, पाळीप्रमाणं झोपायची जागा सुद्धा वाटून घेतलेली. स्वयंपाक कुठं करणार? मग त्याच चाळीतल्या बाईकडं खानावळ लावायची. पैसे महिन्याचे, पगार झाला की द्यायचे. जेवला नाहीत तर खाडा धरायचा. कोकणातल्या माणसाला कोकणी बाईच्या हातचं मासळी-भात, घाटावरच्याला भाकरी-कालवण, म्हणजे गावाकडची चव शहरात ठरलेल्या दरात. पोटभर खायचं आणि वरून खर्चही नक्की. आज आपण मेस म्हणतो तिचा हिशोब तिथंच बसला.

पण यातली मेख अशी की महिनाभराचा किराणा बाई आधी भरायची आणि पैसे नंतर यायचे. मधला महिना तिनं काढायचा कसा? दुकानदाराची उधारी आणि सावकाराचं व्याज. प्रसंगी दागिना गहाण. गिरणीत संप झाला की गडी जेवायचा थांबत नसे आणि बाई त्याला उठवत नसे. म्हणजे संपाचा खर्च युनियनच्या वहीत नाही तर या बायकांच्या गळ्यातल्या मण्यांत जमा व्हायचा. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि गिरणी कामगारांत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांना हे दिसलं. १९७५ साली त्यांनी या खानावळवाल्या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मागणी दयेची नव्हती, कर्जाची होती. १९६९ ला बँका सरकारी झालेल्या, तर त्या बँकेनं सावकाराऐवजी आम्हाला पैसे द्यावेत, आम्ही फेडतो. आणि त्यांनी फेडले. आज बचत गटाच्या नावानं जे भाषणांत येतं, ते या बायकांनी पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलं.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढं गिरणगावच राहिलं नाही. त्यावर खूप लिहिलं गेलंय. खानावळीच्या बुडालेल्या उधारीवर कमी.

दुसरं उदाहरण पुण्याचं, आणि मला ते जास्त शिकवणारं वाटतं. डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरलेला, धान्य महाग. पाठीवर पोती वाहणारा माणूस दुपारी काय खातो, तर चहा आणि पाव. त्याला ज्वारीची भाकरी आणि पातळ भाजी पाहिजे. हॉटेलवाल्याला भाकरी परवडत नाही, कारण भाकरी थापायला हात लागतात आणि गरम वाढावी लागते. पंचायतीनं ‘ना नफा ना तोटा’ असा हिशोब मांडला. सरकारी अनुदान नाही. थाटमाट नाही. टेबलावर येऊन ‘काय घेणार साहेब’ विचारणारा वेटर नाही. आपलं ताट आपण घ्यायचं, जेवायचं, उठायचं. हॉटेलात आपण ज्या गोष्टींचे पैसे देतो त्यातल्या निम्म्या गोष्टी पोटात जात नाहीत, हे हमालांना कुणी सांगायची गरज नव्हती. शिवाय संघटनाच मालक आणि गिऱ्हाईक पण संघटनेचंच, त्यामुळं भाजीत पाणी वाढलं तर तक्रार करायला कार्यालय शोधावं लागत नाही.

आता सरकारकडं येऊ. १९९५ ला राज्यात युतीचं सरकार आलं आणि एक रुपयात झुणका-भाकर ही घोषणा प्रत्यक्षात उतरली. माझ्या वयाच्या सगळ्यांना ते स्टॉल आठवत असतील. कल्पना चांगली, पण बांधणी कच्ची. केंद्रचालकाला मोक्याची जागा मिळाली, स्टँडजवळ, स्टेशनजवळ. भाकरीतून मिळकत नाममात्र आणि जागेची किंमत लाखात. मग काय व्हायचं ते झालं. भाकरीच्या शेजारी वडा आला, वड्याशेजारी चायनीज आलं, पुढं अनुदान थांबलं आणि भाकरी गेली. ‘झुणका-भाकर केंद्र’ असा बोर्ड आणि खाली मंच्युरियनची कढई, हे दृश्य महाराष्ट्रानं वर्षानुवर्षं बघितलंय. विरोधक म्हणतात योजना फसवी होती, समर्थक म्हणतात नंतरच्यांनी मारली. मला विचाराल तर ती मेली कारण भाकरी विकण्यापेक्षा जागा धरून ठेवणं जास्त फायद्याचं होतं.

शिवभोजन आखताना ही खोड थोडी दुरुस्त झाली, हे मान्य केलं पाहिजे. २६ जानेवारी २०२० ला, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना, योजना सुरू झाली. यात सरकारनं नवे स्टॉल वाटले नाहीत. चालू खानावळ, बचत गट, छोटं हॉटेल यांनाच थाळीमागं पैसे द्यायचे ठरवलं. शहरात एका थाळीचा दर ५० रुपये धरला, ग्रामीण भागात ३५. गिऱ्हाईक १० देतं, उरलेले ४० किंवा २५ सरकार देतं. ताटात ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात. बेरीज करा, ४१० ग्रॅम. पोती उचलणाऱ्याला हे कमी पडतं, यात शंका नाही. पण म्हाताऱ्या माणसाला, परीक्षेला आलेल्या पोराला, पेशंटबरोबर आलेल्या बाईला तेवढ्यानं दुपार निघते. हजेरी म्हणून मोबाईलवर जेवणाऱ्याचा फोटो काढायचा. सुरुवातीला लोक बिचकले, गरिबीचा फोटो कशाला म्हणून. ती तक्रार चुकीची नव्हती.

खरी परीक्षा लॉकडाऊनमध्ये झाली. मार्च २०२० अखेर थाळी पाच रुपयांवर आणली आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत काही महिने फुकट दिली. हॉटेलं बंद, हातावरचं पोट असलेली माणसं रस्त्यावर, आणि चालू कोण, तर हीच केंद्रं. नंतर दर परत दहावर आला.

आणि आता गंमत बघा. २०२५ मध्ये राज्यभरातून केंद्रचालकांची ओरड सुरू झाली की महिनोन्महिने अनुदान थकलंय. किराणा आधी भरायचा, पैसे नंतर येणार, मधला काळ दुकानदाराच्या उधारीवर. ओळखीचं वाटतंय ना? गिरणगावच्या बाईचाच हा हिशोब. फरक एवढाच की तिचा गडी पगार झाला की पैसे द्यायचा. इथं गिऱ्हाईक दहा रुपये रोख टाकून जातं आणि बाकी ठेवतं ते सरकार. त्यात थाळीचा दर २०२० च्या हिशोबाचा. तेल, डाळ, गॅसचे भाव तुम्हाला मी सांगायला नको. दर वाढवा ही चालकांची मागणी जुनीच आहे.

तमिळनाडूत २०१३ ला जयललितांनी अम्मा उणवगम सुरू केली. एक रुपयाला इडली, पाच रुपयांना सांबारभात. तिथं स्वयंपाकघर चेन्नई महापालिकेचं आणि बचत गटाच्या बायकांना रोजची मजुरी. तोटा पालिकेच्या खात्यावर. टीका तिथंही झाली, पण किराण्याची उधारी बाईच्या नावावर चढत नाही. सरकार बदलल्यावरही ती चालू राहिली. आपल्याकडं अख्खी जोखीम चालकाच्या डोक्यावर आणि फीत कापायचा मान नेत्याला.

दहा रुपयांत परवडतं कसं, असं लोक विचारतात. परवडत नाहीच. फरक कुणीतरी भरतंय. हमाल पंचायतीत तो साधेपणानं आणि संघटनेनं भरून काढला, गिरणगावात बायकांनी दागिने ठेवून भरला, शिवभोजनात सरकार भरेल असं लेखी ठरलंय. ते भरत नाही तेव्हा बिल कुठं जातं, तर पातळ होत जाणाऱ्या वरणात, नाहीतर बंद शटरवर.

जाता जाता कामाची गोष्ट. केंद्राला दिवसाच्या थाळ्या मोजून दिलेल्या असतात, त्यामुळं दीडला गेलात तर बहुतेक संपलेल्या असतील. बाराच्या सुमारास जा. ताट कमी वजनाचं वाटलं तर वाढणाऱ्या बाईशी भांडू नका, तहसीलच्या पुरवठा शाखेत विचारा. आणि तिथं गेलाच आहात तर अजून एक विचारा, की आपल्या तालुक्यात मंजूर केंद्रं किती, त्यातली आज चालू किती, आणि कुणाचं किती महिन्यांचं अनुदान बाकी आहे. तोंडी सांगत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज द्या, शुल्क दहा रुपयेच आहे, एका थाळीएवढं. उत्तर आलं की मला पाठवा, इथं छापतो.