पोर्टर (मुरवलेली काळी बिअर)

भाजलेल्या बार्लीच्या माल्टपासून तयार होणारी, गडद तपकिरी ते काळ्या रंगाची, कडवट व तुलनेने तीव्र बिअर. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती लंडनमध्ये प्रचारात आली. तेथील बोजे वाहणाऱ्या हमालांत ती विशेष प्रिय असल्यामुळे हमाल या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून तिला हे नाव मिळाले. तिच्या अधिक तीव्र प्रकारास प्रथम ‘स्टाउट पोर्टर’ व पुढे नुसते ‘स्टाउट’ म्हटले जाऊ लागले. बहुतेक बिअर ताजी असतानाच प्यायची असते. पोर्टर मात्र मुद्दाम महिनोन्‌महिने, प्रसंगी दोन वर्षांपर्यंत मुरविली जाई. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी फौजेबरोबर ती दख्खनच्या छावण्यांत आली. पुणे जिल्ह्यातील शिरूर (घोडनदी) हे या फौजेचे जुने ठाणे, तर दौंड हे पुढील काळात छावण्यांना माल पोहोचविणाऱ्या लोहमार्गावरील प्रस्थानक होय. लंडनच्या थंड तळघरात जे मुरणे गुण ठरत असे, तेच भीमा-घोड खोऱ्याच्या उन्हाळ्यात दोष का ठरले, हे समजण्यासाठी मुरण्याची क्रिया प्रथम पाहिली पाहिजे.

लंडनमधील जुन्या पद्धतीनुसार पोर्टरचे मुख्य किण्वन संपल्यावर ती ओक लाकडाच्या प्रचंड पिपांत भरून ठेवीत. ताजी बिअर तिखट व धुरकट लागे. मुरलेली बिअर आंबटसर, कोरडी आणि सुवासिक होई. गुत्त्यात दोन्ही एकत्र करून ग्राहकाच्या आवडीप्रमाणे देत. साठवण जितकी मोठी, तितकी लाकडाच्या सांध्यांतून आत शिरणारी हवा प्रमाणाने कमी. म्हणून पिपांचे आकार वाढत गेले आणि त्यांत कारखानदारांची परस्पर ईर्ष्याही मिसळली. या ईर्ष्येची किंमत गरिबांनी मोजली. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमधील म्यू यांच्या कारखान्यातील सु. ६·७ मी. उंचीचे एक पीप फुटले. त्यात दहा महिने मुरलेली, सु. ५ लाख ८० हजार लिटर पोर्टर होती. तिच्या लोंढ्याने मागील वस्तीतील घरे पडून आठ जण मृत्युमुखी पडले. १८१७ मध्ये डॅन्येल व्हीलर याने माल्ट फिरत्या पिंपात कॉफीप्रमाणे भाजण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. तेव्हापासून फिक्या माल्टमध्ये थोडा काळा माल्ट मिसळून पोर्टरला रंग देणे शक्य झाले. आज परिचित असलेला तिचा काळा रंग हा अशा प्रकारे मूळचा नव्हे, नंतरचा आहे.

मुरण्यामागील जीवशास्त्रीय कारण बराच काळ अज्ञात होते. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग कारखान्यातील संशोधक एन. यच्. क्लॉसेन यांनी १९०४ मध्ये असे दाखवून दिले, की इंग्रजी साठवणीच्या बिअरला तिचा खास स्वाद मुख्य किण्वन करणाऱ्या यीस्टमुळे नव्हे, तर त्यानंतर संथपणे वाढणाऱ्या दुसऱ्याच एका यीस्टमुळे येतो. ‘ब्रिटिश बुरशी’ या अर्थाने त्यांनी तिला ‘ब्रेटॅनोमायसीज’ हे नाव दिले. ही यीस्ट लाकडाच्या रंध्रांत तग धरते आणि नेहमीच्या यीस्टला न पचणाऱ्या जटिल शर्कराही खाते. त्यामुळे बिअर अधिकाधिक कोरडी होत जाते. चामडे, धूर व घोड्याचे खोगीर यांची आठवण करून देणारा वास ही तिची खूण होय. शिरूर हे दीर्घकाळ ‘पूना हॉर्स’ या घोडदळाचे मुख्य ठाणे होते. तेथील पिणाऱ्यास हा वास नवा वाटला नसावा.

यीस्टचे काम थांबल्यावरही बिअर बदलत राहते. हॉप फुलांपासून आलेली कडू द्रव्ये हळूहळू विघटित होतात व कडवटपणा उतरतो. ताज्या बिअरमधील केळ्यासारखा फळांचा वास मावळतो आणि अल्कोहॉल व अम्ले यांच्या संयोगाने बनणारी इतर एस्टरे वाढतात. तळाशी बसलेली मृत यीस्ट फुटून तिच्यातील द्रव्ये बिअरमध्ये उतरतात. ती अल्प प्रमाणात असली तर बिअरला भरीवपणा येतो. जास्त झाल्यास मांसाच्या रश्श्यासारखी चव येते. सर्वांत महत्त्वाचा बदल ऑक्सिडीकरणाचा होय. फिक्या बिअरमध्ये त्यामुळे ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो व ती वाया जाते. काळ्या बिअरमध्ये मात्र भाजलेल्या माल्टमधील मेलॅनॉयडिने या क्रियेत भाग घेतात. त्यामुळे तेच ऑक्सिडीकरण तिला मदीरा किंवा शेरी या मद्यांची, सुक्या अंजिराची, मनुकांची छटा देते. या सर्व काळात आठ-दहा टक्के अल्कोहॉल, अम्लता व भरपूर हॉप हे तिन्ही तिला सूक्ष्मजंतूंपासून राखतात. तीन-चार टक्क्यांची बिअर काळी असली म्हणून टिकत नाही. टिकविणारा गुण रंगाचा नाही.

जुन्या काळ्या बिअरमध्ये आढळणारे एक द्रव्य मराठी वाचकाला दुरून ओळखीचे वाटेल. ‘सोटोलॉन’ असे त्याचे नाव. कच्च्या साखरेला असलेल्या जपानी शब्दावरून ते पडले आहे. मेथीचा वास मुख्यतः याच द्रव्याचा असून जुनी रम, काकवी व कच्ची साखर यांतही ते असते. दौंड तालुक्यातील केडगाव-यवत परिसरातील गुऱ्हाळाजवळून जाताना जो दाट, किंचित करपट गोड वास येतो, त्याचा आणि वीस वर्षे तळघरात राहिलेल्या स्टाउटचा असा रासायनिक संबंध आहे. मुरण्याने पदार्थ सुधारतो ही कल्पनाही येथे परकी नव्हती. आयुर्वेदात जुना गूळ नव्या गुळापेक्षा हलका व पथ्यकर मानला आहे. चरकसंहितेत नवे मद्य जड व दोष वाढविणारे, तर जुने मद्य लघू व स्रोतसे शुद्ध करणारे म्हटले आहे. आसवे व अरिष्टे तोंड बंद केलेल्या भांड्यात, धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरून सिद्ध करण्याचा प्रघातही जुना आहे. तापमान स्थिर राहणे हा त्यामागील हेतू लंडनच्या तळघराच्या हेतूहून वेगळा नाही. दख्खनमधील पेवात ज्वारी ठेवण्यामागेही हाच विचार दिसतो. मात्र अशी जमिनीखालची सोय युरोपीय मद्यासाठी छावणीत सहसा नसे. तेथे पिंपे गुदामात राहत.

वसईच्या तहानंतर (१८०२) पेशव्याच्या नावाने ठेवलेली इंग्रजांची तैनाती फौज शिरूर येथे घोड नदीकाठी राहू लागली. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी आदल्या रात्री येथूनच निघाली होती. या फौजेचा अधिकारी कर्नल वॉलेस १८०९ मध्ये शिरूर येथे मरण पावला. त्याच्या थडग्याला आसपासचे गावकरी ‘सत्पुरुष’ म्हणून सुगीतील पहिल्या धान्याचा नैवेद्य दाखवीत, अशी नोंद मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. छावणीतील युरोपीय शिपायाला शिध्याबरोबर आरक ही ऊर्ध्वपातित दारू मिळे. बिअर विलायतेहून येई. तिच्या इतिहासात फिक्या ‘इंडिया पेल एल’चा गाजावाजा अधिक झाला, परंतु ती प्रामुख्याने अधिकारी व मुलकी साहेब यांची बिअर होती. साध्या युरोपीय शिपायाची बिअर म्हणजे पोर्टर. ईस्ट इंडिया कंपनी व नंतर सरकार लंडनच्या कारखान्यांकडून ती कंत्राटाने हजारो पिंपे मागवीत असे.

या प्रवासाचा विचार केल्याशिवाय तिच्या मुरण्याची कल्पना येणार नाही. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला होण्यापूर्वी जहाज केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार ते सहा महिन्यांनी मुंबईस पोहोचे. त्या काळात पिंपे दोनदा विषुववृत्त ओलांडीत. एक मोठे पिंप ५४ गॅलनांचे, म्हणजे सु. २४५ लि. भरे. लाकडासह त्याचे वजन सु. तीन क्विंटल असल्याने ते लमाणांच्या बैलाच्या पाठीवर लादता येत नसे. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हापासून अशी पिंपे गाडीने पुण्यास नेणे सुकर झाले. पुण्यापासून शिरूरचे अंतर सु. ६५ किमी. असून पुणे-नगर रस्त्यावरील ही वाट उघड्या माळरानाची आहे.

रासायनिक क्रियांचा वेग तापमानात दर १०° से. वाढीस ढोबळ मानाने दुप्पट ते तिप्पट होतो. १२° से. तापमानाच्या तळघराशी तुलना केली असता ३२° से. तापमानाच्या गुदामात बिअर चार ते नऊपट वेगाने जुनी होते. म्हणजे शिरूरचा एक तीन महिन्यांचा उन्हाळा तळघरातील एक ते सव्वादोन वर्षांएवढा ठरतो. परंतु हा हिशेब फसवा आहे. उष्णतेने सर्व क्रिया सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. तळघरात स्वाद घडविणाऱ्या व तो बिघडविणाऱ्या क्रियांचा जो तोल राहतो, तो येथे मोडतो. उन्हाने लाकडाच्या फळ्या आकसतात, सांध्यांतून वायू निसटून हवा आत जाते आणि हवेबरोबर शिरलेले जंतू अल्कोहॉलचे ॲसिटिक अम्ल, म्हणजे शिर्का करतात. मद्यगृहात उघडलेले पिंप त्याच दिवशी संपले नाही, तर दुसऱ्या दिवशी ती बिअर मिळमिळीत लागे. तेव्हा जे मोसमभर टिके ते वयामुळे नव्हे, तर मुळात तीव्र असल्यामुळे व घट्ट बुचाखाली राहिल्यामुळे.

हा प्रश्न केवळ चवीचा नव्हता. हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या राजकीय आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपीय शिपायांचा मृत्यूचा वार्षिक दर सरासरी हजारी ६९ इतका असल्याचे त्यात दाखविले होते. दूषित पाणी, गर्दीच्या बराकी व पटकी ही त्याची मुख्य कारणे. पण यकृताच्या विकारांत दारूचा वाटाही मोठा होता. तीव्र ऊर्ध्वपातित दारूऐवजी बिअर द्यावी, असा आयोगाचा कल होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही याच वर्षी आपल्या निरीक्षणांत छावणीतील मद्यपानावर कडक टीका केली. बिअर उकळलेल्या पाण्यापासून बनते, त्यामुळे तिच्यातून पटकीसारखे रोग पसरत नाहीत. ही गोष्ट तेव्हा जंतुशास्त्राने सिद्ध झालेली नसली, तरी आंबलेल्या पोर्टरचा शिपायाला झालेला हा अप्रत्यक्ष फायदा मान्य करावा लागतो. पोर्टर आंबली की शिपाई पुन्हा आरकाकडे वळे, ही बाजूही लक्षात घेतली पाहिजे.

लोहमार्गाने परिस्थिती पालटली. पुण्याहून दौंडवरून डिकसळपर्यंतचा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. बोरघाटाची चढण १८६३ मध्ये पूर्ण होऊन मुंबईशी अखंड संबंध जुळला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाल्यावर अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) छावणीकडे जाणाऱ्या मालाची वाट शिरूरऐवजी दौंडवरून गेली. आठवड्यांचा प्रवास दिवसांवर आला, तसे दीर्घकाळ मुरलेल्या बिअरचे प्रयोजनही उरले नाही. हिंदुस्थानातच, मुख्यतः कसौली, सोलन, मरी अशा थंड हवेच्या ठिकाणी, बिअरचे कारखाने निघाले. यच्. जी. मीकिन याने काढलेल्या कारखान्यांपैकी एक पुण्याजवळ खडकी येथे होता. इंग्लंडमध्येही याच सुमारास मोठी पिपे मोडीत निघाली व लवकर खपणारी ताजी बिअर रूढ झाली. यांत्रिक प्रशीतन व लागर बिअर यांनी उरलेसुरले स्थान घेतले.

उष्ण प्रदेशात काळ्या तीव्र बिअरचा अवशेष श्रीलंका, जमेका, नायजेरिया येथील स्टाउटच्या रूपाने राहिला. महाराष्ट्रात तो राहिला नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने येथील परंपरा खंडित केली. बंदी सैल झाल्यावर जी बिअर आली ती पाश्चरीकरण केलेली, फिकी व महिन्यांत संपवावयाची होती. शिरूर-दौंड भागात पाटाच्या पाण्याने ऊस वाढला. न्हावरे येथील घोडगंगा व पाटस येथील भीमा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. या भागात मद्यार्काचा संबंध बार्लीपेक्षा उसाच्या मळीशी जुळला.

युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुरविलेल्या बिअरचे पुनरुज्जीवन झाले. इंग्लंडमधील ‘टॉमस हार्डीज एल’ १९६८ मध्ये, पंचवीस वर्षांपर्यंत टिकण्याच्या दाव्यासह, विक्रीस आली. रशियाच्या दरबाराशी जोडलेली ‘इंपीरियल स्टाउट’ही पुन्हा अनेक ठिकाणी बनू लागली. अशा बाटल्या उभ्या, अंधारात व १०° ते १३° से. तापमानात ठेवतात, प्रकाशाने हॉपमधील द्रव्यांचे विघटन होऊन बिअरला दुर्गंध येतो, म्हणून काच तपकिरी वापरतात. सामान्यतः पहिल्या वर्षात कडवटपणा व अल्कोहॉलचा चटका उतरतो, तीन ते पाच वर्षांत सुक्या फळांची व मदीरेची छटा ठळक होते आणि दहा वर्षांनंतर बहुतेक बाटल्यांत वायू क्षीण होऊन रस पातळ पडतो. एकाच खेपेच्या दोन बाटल्याही बुचाच्या घट्टपणानुसार वेगळ्या निघतात.