सिनेमात चावतो नाग, प्रत्यक्षात झोपेत जीव घेते मण्यार. पडद्यावरच्या सापांनी आपल्याला काय काय चुकीचं शिकवलं?

वरातीत नागिन डान्स झाल्याशिवाय वरात पूर्ण होत नाही. एक जण रुमाल दातात धरतो, दुसरा रस्त्यावर लोळण घेतो आणि बँडवाले ती ओळखीची धून वाजवतात, १९५४ च्या 'नागिन' सिनेमातली. गंमत म्हणजे त्या धूनमध्ये पुंगी नाहीच. संगीत हेमंत कुमार यांचं होतं, पण पुंगीचा तो आवाज कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यातून काढला आणि जोडीला रवी यांची हार्मोनियम होती.

आता पुंगीच खोटी, तर तिच्यावर डोलणाऱ्या नागाचं काय?

सापाला बाहेरचा कान नसतो. तो पूर्ण बहिरा आहे असंही नाही, जमिनीची कंपनं आणि काही खालच्या पट्टीतले आवाज त्याला कळतात. पण गारुड्यासमोर तो डोलतो ते सुरांमुळे नाही. गारुडी पुंगी हलवतो, गुडघा हलवतो आणि घाबरलेला नाग फणा काढून त्या हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवतो. आपण ज्याला नाच म्हणतो, तो त्याचा बचावाचा पवित्रा असतो.

दुधाचंही तसंच. साप सरपटणारा प्राणी, दूध त्याचं अन्नच नाही. नागपंचमीसाठी अनेक दिवस उपाशी-तहानलेला ठेवलेला नाग समोर येईल ते पितो, आणि ते दूध त्याच्या जिवावर बेतू शकतं.

मग येतो सूड. १९७६ चा रीना रॉयचा 'नागिन', १९८६ चा श्रीदेवीचा 'नगिना', २०१५ पासून टीव्हीवर सुरू झालेली 'नागिन' मालिका. इच्छाधारी नागीण काही आपला पिच्छा सोडत नाही. मेलेल्या नागाच्या डोळ्यांत मारणाऱ्याचा फोटो उमटतो, ही समजूत सिनेमानेच घराघरांत पोचवली. सापाला माणसाचा चेहरा लक्षात ठेवून वर्षानुवर्षं डूख धरणं जमत नाही. आणि ते एकमेकांना विळखे घालून उभं राहणारं 'प्रेमी युगुल'? शेतात असं दृश्य दिसलं तर बहुतेक वेळा त्या दोन नर धामणी असतात. त्यांची कुस्ती चाललेली असते!

साप माणसाच्या मागे लागत नाही, हे एका पुणेकराने स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. १९८० मध्ये नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिले आणि सुखरूप बाहेर आले. डिवचलं नाही तर साप चावत नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं. पुढे १९८६ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं.

मग सिनेमा तो सिनेमा, एवढं मनावर का घ्यायचं?

कारण भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात. २००० ते २०१९ या काळातल्या मृत्यूंचा अभ्यास करून २०२० मध्ये हा अंदाज मांडला गेला. २० वर्षांचा आकडा होतो साधारण १२ लाख.

आणि या विषयावर आपली 'शिकवणी' सिनेमात झालेली आहे. तिथे चावतो तो नेहमी नाग. फणा दिसतो, फुत्कार ऐकू येतो, पायावर दोन ठळक खुणा उमटतात, तोंडाला फेस येतो.

महाराष्ट्रातली मण्यार यातलं काहीच करत नाही. तिला फणा नाही. ती रात्री फिरते आणि बऱ्याचदा जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की खूण दिसेलच असं नाही. सूज नाही, फारसं दुखतही नाही. माणूस पहाटे उठतो तो पोटात दुखतंय म्हणून. घरचे ओवा देतात, ॲसिडिटीची गोळी देतात. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. यातला पापण्यांचा भाग लक्षात ठेवण्यासारखा आहे. पावसाळ्यात खाली झोपलेल्या माणसाचं सकाळी पोट दुखत असेल आणि डोळे उघडत नसतील, तर सापाची शंका घ्यायलाच हवी. वेळेत व्हेंटिलेटर मिळाला तर निपचित पडलेला असा पेशंटही उठून घरी जातो.

घोणस आणि फुरसे यांचा प्रकार वेगळा. त्यांच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. इथे आठवा आपला हीरो. ब्लेडने जखम कापतो, तोंडाने विष ओढतो आणि थुंकतो. रक्त गोठत नसलेल्या माणसाला कापलं तर रक्त थांबवायचं कसं? शिवाय तोंडाने ओढून विष बाहेर येत नाही, ते तोवर शरीरात पसरलेलं असतं. हीरोइनची ओढणी फाडून करकचून बांधणं हीदेखील अशीच देणगी. त्याने हातापायाचा रक्तपुरवठा तुटतो आणि प्रसंगी तो अवयव कापावा लागतो.

खरं करायचं ते अगदीच फिल्मी नाही. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा. चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा. माणसाला चालवू नका आणि १०८ ला फोन करा. मांत्रिकाकडे गेलेला तासच बऱ्याचदा जिवावर उठतो. साप पकडून दवाखान्यात नेण्याच्या भानगडीत तर पडूच नका. घोड्यांच्या रक्तापासून बनणारी आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते, त्यामुळे डॉक्टर लक्षणं बघून उपचार सुरू करू शकतात.

साप नुसताच घरात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिसला असेल तर लांब उभं राहून त्याच्यावर नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा. काठी शोधायला जाऊ नका. मारला जाणारा साप अनेकदा बिनविषारी धामण असते, आणि ती पार्किंगमध्ये आलेली असते उंदरांसाठी.